गुरांच्या वाटेनं

चार दिवस आम्ही गाडीतच होतो. टांझानियाच्या राष्ट्रीय उद्यानांत ठरावीक जागा सोडल्या तर जमिनीवर पाय ठेवता येत नाही, त्यामुळे सिंह, चित्ते, हत्ती, पाणघोडे सगळं पाहिलं ते उघड्या टपाच्या जीपमध्ये उभं राहून, दांडी घट्ट धरून. पाचव्या दिवशी सकाळी मासाई या गुरं पाळणाऱ्या लोकांच्या नाइनोकानोका नावाच्या गावाबाहेर गाडी थांबली. सामान उतरवून गाढवांच्या पाठीवर चढवलं गेलं, गाडी माघारी फिरली, आणि तिचा आवाज विरेपर्यंत आम्ही सगळे गप्प उभे राहिलो. मग चालायला लागलो. गवत दवानं ओलं होतं. समोरून वारा आला आणि त्याच्याबरोबर धूर, ताजं शेण आणि जनावराच्या अंगाची ऊब असा मिसळलेला वास आला. मी थांबले. हा वास मला पाठ होता.

माझं माहेर माणदेशातलं, आटपाडीकडचं. खिलार जनावरांचा मुलूख. आजोबांच्या दावणीला सहा-सात जनावरं असायची, आणि थंडीच्या दिवसांत पहाटे गोठ्यात जाऊन एखाद्या बैलाच्या पोटाला पाठ टेकून बसायचं ही माझी सवय होती. तो गोठा मोडला त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहून तो वासही विसरल्यासारखा झाला होता. तो पुन्हा भेटला विषुववृत्ताच्या तीन अंश दक्षिणेला, जवळजवळ अडीच हजार मीटर उंचीवरच्या एका माळावर.

मी आफ्रिकेत गेले होते प्राणी पाहायला. परत आल्यापासून मनात घोळताहेत त्या गायी, आणि त्यांच्यामागून चालणारी माणसं.

सफारी हा शब्द आपण वाघ-सिंहांशी जोडून टाकला आहे. स्वाहिलीत त्याचा अर्थ नुसता प्रवास. बहिणीकडे जायचं असो नाहीतर तालुक्याला, ती सफारीच. अरबीतला सफर समुद्रावरून त्यांच्याकडे गेला आणि फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला. असे शब्द तिथे सारखे भेटतात. दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, पैशाला ‘पेसा’, लाखाला ‘लाकी’, कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला ‘कचुंबारी’. नात्यांचे शब्द मात्र अदलाबदल होऊन बसलेत. स्वाहिलीत ‘काका’ म्हणजे भाऊ आणि ‘दादा’ म्हणजे बहीण. आमचा मासाई वाटाड्या मला पहिल्या दिवसापासून ‘दादा’ म्हणत होता. आमच्याकडे थोरल्या भावाला दादा म्हणतात, असं मी त्याला सांगितलं. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, “मग काय चुकलं? तुम्ही थोरल्याच आहात.” पुढचे तीन दिवस मी त्याची दादाच राहिले.

आम्ही चालत होतो त्या गोरोंगोरोचं नाव आपल्याकडे तिथल्या प्रचंड विवरासाठी माहीत आहे. ज्वालामुखीचं शिखर आत कोसळून झालेलं, सहाशे मीटर खोल, तळाशी सुमारे 260 चौरस किलोमीटरचं गवत, पाणी आणि प्राणी. पण विवर हा त्या मुलखाचा एक कोपरा. गोरोंगोरो संरक्षित क्षेत्र आठ हजार चौरस किलोमीटरपेक्षा मोठं आहे आणि त्याची घडणच वेगळी. 1959 मध्ये सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातून मासाईंना बाहेर काढलं, तेव्हा त्यांना सांगितलं गेलं की सेरेंगेटी सोडा, गोरोंगोरोत तुम्ही गुरांसकट राहा. माणूस, गुरं आणि रानातली जनावरं एकाच जमिनीवर राहतील, असं कायद्यानंच मान्य केलेली ही जागा. म्हणूनच तिथे, बंदूकधारी वनरक्षक सोबत असेल तर, पायी चालता येतं. नावाबद्दल तिथले लोक सांगतात की गायीच्या गळ्यातली घंटा ‘ङ्गोरो-ङ्गोरो’ वाजते, तेच नाव पडलं. खरंखोटं भाषातज्ज्ञ जाणोत. मी ती घंटा ऐकली आहे आणि ती तशीच वाजते.

आता त्या पहिल्या चार दिवसांतलं एकच सांगते, कारण पुढे त्याचा संबंध आहे. आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो. तो विल्डबीस्टच्या, म्हणजे गायीसारख्या दिसणाऱ्या मोठ्या रानहरणांच्या, विण्याचा काळ. सेरेंगेटीच्या दक्षिणेला, एन्दुतूच्या मैदानात, दोन-तीन आठवड्यांत काही लाख पिल्लं जन्माला येतात. मैदानातलं गवत आखूड, वितीएवढंही नाही, पण त्याखालची माती ज्वालामुखीच्या राखेची आहे. चुना आणि स्फुरद भरपूर, म्हणून दुभत्या माद्यांना ते गवत मानवतं. आमच्या गाडीपासून पन्नास पावलांवर एक मादी व्याली. पिल्लू पडलं, डोकं झटकलं, पुढचे पाय टेकून उठायचा प्रयत्न केला, पडलं, पुन्हा उठलं. मी घड्याळ पाहिलं होतं. सात मिनिटांत ते आईच्या पोटाशी उभं होतं. आजोबांच्या गोठ्यात नवं वासरू उठायला तास लागायचा आणि तोवर सगळं घर कंदील घेऊन भोवती बसलेलं असायचं. इथे कंदील धरायला कोणी नाही आणि तरस शंभर पावलांवर बसलेलं.

त्या सगळ्या मैदानात मला एकही गाय दिसली नव्हती. इतकं चांगलं गवत आणि गायी नाहीत, हे मला तेव्हा खटकलंही नाही. गाडीतून ते खटकत नाही.

उत्तर पायी निघाल्यावर मिळालं. वाटाड्या म्हणाला, “विल्डबीस्ट विते तेव्हा आम्ही खाली जात नाही. तिच्या वारेनं गाय मरते.” वार हा शब्द अर्थात माझा, त्यानं हातानं दाखवलं. पशुवैद्य याचं कारण जरा वेगळं सांगतात: विल्डबीस्टच्या अंगात एक विषाणू असतो, त्यांना स्वतःला त्याचा त्रास नाही, पण पहिल्या काही महिन्यांत पिल्लांच्या नाकाडोळ्यांतल्या पाण्यातून तो बाहेर पडतो आणि गायीला लागला तर ती बहुधा वाचत नाही. कारण काहीही असो, उपाय मासाईंनी केव्हाच काढला आहे. हे महिने ते सगळ्यात चांगलं गवत विल्डबीस्टसाठी सोडतात आणि स्वतः गुरं घेऊन डोंगरावर येतात. कळप उत्तरेला सरकले की हे खाली उतरतात. मी ज्याला रिकामं रान समजत होते ते एक पाळी ठरवून वापरलेलं गायरान होतं.

मासाई शिकारीचं मांस सहसा खात नाहीत, हेही इथे सांगायला हवं. त्यांच्या मते एन्काई या देवानं जगातल्या सगळ्या गायी त्यांच्यासाठी आभाळातून खाली सोडल्या. ज्याच्याकडे गाय आहे त्यानं हरणाला कशाला मारायचं? गुरांवर आलेल्या सिंहाला भाल्यानं मारण्याची रीत होती, तिच्याबद्दल अभिमानही होता, ती आता बरीच मागे पडली. पण झेब्रा आणि विल्डबीस्ट इतक्या संख्येनं याच मुलखात टिकले त्यामागे त्यांच्या शेजाऱ्यांचा हा आहारही आहे, असं मला मनापासून वाटतं.

चालताना पहिल्यांदा बदलतो तो कान. गाडीत इंजिन बंद केलं तरी वायरलेसची खरखर आणि माणसांची कुजबुज असते. इथे गवतावर बुटांचा आवाज, गाढवांचं फुरफुरणं आणि लांबून एखादी घंटा. दुसरी बदलते ती नजर. गाडीत मी लांब पाहत होते, आता पायाखाली पाहू लागले. वाटाड्या काठीच्या टोकानं दाखवायचा. हे तरसाचं शेण, पांढरं, कारण ते हाडं चावतं. ही हत्तीची लीद, कोरडी, कालची. हा माग बघ, आणि मग काठी अलगद खाली ठेवून उजवा हात मागे करायचा, म्हणजे थांबा.

असं तो एकदाच गंभीरपणे थांबला. एम्पाकाई विवराच्या कडेनं जंगलातून वाट होती. झाडांच्या फांद्यांवरून दगडफुलासारख्या राखाडी जटा लोंबत होत्या आणि त्यांत धुकं अडकलेलं. वाटेवर एक शेणाचा पो पडला होता आणि त्यातून वाफ निघत होती. गायीचंच वाटावं असं शेण. त्यानं वाकून वास घेतला आणि डाव्या बाजूच्या झुडपाकडे नुसती हनुवटी वळवली. तीसेक पावलांवर रानरेडा उभा होता. पानांतून मला दिसलं ते एक ओलं काळं नाक, त्यावर बसलेली माशी, आणि शिंगांचा कपाळावर जुळलेला जाड टोप. गाडीतून मी असे शेकडो पाहिले होते आणि त्यांच्याकडे कोणी कॅमेराही वळवत नव्हतं. वनरक्षकानं बंदूक खांद्यावरून हातात घेतली, पण उचलली नाही. वाटाड्यानं आम्हाला एकेक पाऊल मागे घ्यायला लावलं. रेड्यानं नाक वर केलं, आमचा वास घेतला, आणि वळून झाडीत शिरला. फांद्या मोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. माझे हात थरथरत होते. वनरक्षक म्हणाला, “तो म्हातारा आहे. कळपातून बाहेर पडलेला. त्याला एकटं राहायचं होतं.”

त्या रात्री विवराच्या काठावर तंबूत मला झोप आली नाही, ती थंडीनंही. खाली काळोखात ते खारट पाण्याचं तळं होतं आणि सकाळी त्याच्या कडेला गुलाबी रेघ दिसली. फ्लेमिंगो. आम्ही तासाभराची उतरण उतरून काठापर्यंत गेलो, पाण्याजवळ बसलो, पुन्हा चढून आलो. ते फार सुंदर होतं, आणि त्याची छायाचित्रं पाहिली तर माझ्या वर्णनाची गरज उरणार नाही.

गायींकडे येते. मासाई गायी लहान चणीच्या असतात. खिलारीपुढे तर बुटक्याच. पण पहिला कळप जवळून गेला तेव्हा मी पाहिलं ते वशिंड. प्रत्येक गायीच्या खांद्यावर, आपल्या गायीसारखं. युरोपच्या गायीला वशिंड नसतं. वशिंडाची गाय माणसाळली ती सिंधूच्या खोऱ्यात, हजारो वर्षांपूर्वी, आणि तिचं रक्त समुद्र आणि अरबस्तान ओलांडून आफ्रिकेत पोचलं. म्हणजे माझ्यासमोरून ‘ङ्गोरो-ङ्गोरो’ करत चाललेली ती तांबडी-बांडी जनावरं आमच्या सर्जा-राजाची फार लांबची भावकी होती. मी वाटाड्याला हे सांगितलं. त्याला आनंद झाला, पण नवल वाटलं नाही. जगातल्या सगळ्या गायी मुळात मासाईंच्याच, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

आपल्याकडून दुसरंही काही तिकडे गेलं आणि ते मी त्याला सांगू शकले नाही. 1887 च्या सुमारास आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या इरिट्रियात, इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर बुळकांडी आली. ती गुरं हिंदुस्थानातून आणलेली होती असं इतिहासकार सांगतात. बुळकांडी हा शब्द आमच्या घरात आजीच्या तोंडी होता, शिवी म्हणून. जनावराला ताप, तोंडात चट्टे, हगवण आणि आठवड्याभरात दावण मोकळी. पुण्यात 1889 मध्ये सरकारनं जंतुशास्त्राची प्रयोगशाळा काढली, ती मुख्यतः गुरांच्या अशा साथींसाठीच. तिकडे आफ्रिकेत मात्र अडवायला काहीच नव्हतं. तीन-चार वर्षांत रोग मासाईंच्या मुलखात पोचला आणि बहुतेक गुरं संपली. रानरेडे आणि विल्डबीस्टही गेले. पाठोपाठ माणसांत देवीची साथ. त्या वर्षांना मासाई ‘एमुताई’ म्हणतात, सगळं पुसून टाकणारा काळ. 1892 मध्ये ऑस्कर बाउमान हा युरोपी प्रवासी गोरोंगोरोच्या विवरात पोचला तेव्हा त्याच्या तळाभोवती हाडांचे सापळे झालेली माणसं जमली होती. युरोपनं पूर्व आफ्रिकेत ताबा बसवला तो याच वर्षांत, गुरं मेलेली असताना, आणि मोकळ्या पडलेल्या कुरणांना अस्पर्श निसर्ग असं नाव दिलं.

या कथेचा पुढचा भाग मला फार मोलाचा वाटतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर मासाईंच्या गुरांना बुळकांडीची लस टोचायला सुरुवात झाली. गुरांतला रोग थांबला, तसा तो रानातूनही हटला. 1961 मध्ये सेरेंगेटीत अडीच लाखांच्या आसपास विल्डबीस्ट होते. 1977 पर्यंत ते 13 लाखांच्या वर गेले. म्हणजे जग जे बघायला विमानानं येतं ते स्थलांतर एवढं मोठं झालं, त्यामागे गायींना टोचलेली लस आहे. 2011 मध्ये बुळकांडी पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं संपवलेला हा दुसराच रोग. त्याची बातमी आपल्याकडे कुठल्या पानावर आली होती मला आठवत नाही. आजी असती तर तिला सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही नायोबीजवळ एका मासाई वस्तीपाशी मुक्कामाला आलो. रस्त्यालगतच्या ‘सांस्कृतिक गावात’ आम्ही आधी जाऊन आलो होतो. तिथे गाडीमागे पैसे ठरलेले असतात, तरुण उंच उड्या मारून नाच करतात, बायका मण्यांचे दागिने मांडून बसतात. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. उड्या खऱ्या होत्या, मणी खरे होते, आणि त्या पैशातून मुलांची फी भरली जाते. पण तिथे मला बघायला बोलावलं होतं, त्यामुळे मी बघत होते. इथे आमच्यासाठी कोणी थांबलं नव्हतं. गुरं परतायची वेळ झाली होती आणि सगळ्यांचं लक्ष डोंगराकडे.

वस्तीला काटेरी फांद्यांचं गोल कुंपण. आत शेणामातीनं लिंपलेली बुटकी घरं, ती बायकाच बांधतात, आणि मधोमध गुरांची जागा. माणसं कडेनं, गुरं मध्ये. मुलं धावत आली आणि माझ्यासमोर मान खाली घालून उभी राहिली. मला काही कळेना. वाटाड्या म्हणाला, “डोक्याला हात लावा.” तिथे मुलं थोरांना असंच भेटतात, आणि थोरांनी डोक्यावर हात ठेवायचा. एकेका डोक्यावर हात ठेवताना, दिवाळीला वाड्यात रांगेनं वाकणारी आम्ही भावंडं मला आठवली.

मग गुरं आली. धुरळ्यात आधी घंटा, मग शिंगं. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा काठी खांद्यावर आडवी टाकून मागून येत होता. आयांचा आवाज ऐकून आत कोंडलेली वासरं ओरडू लागली. ज्या घरात मी बसले होते तिथली बाई उठली, भिंतीला टांगलेला लांबट तुंबा घेतला, आणि मला मानेनंच ये म्हणाली. तिनं एक वासरू सोडलं. ते धडपडत नेमकं आपल्या आईपाशी गेलं आणि ढुशा देऊ लागलं. गायीनं अंग सैल सोडलं. पान्हा सुटला. बाईनं वासराला एका बाजूला सारलं, पण ओढून काढलं नाही. त्याच्याकडे दोन सड ठेवले आणि आपण दुसऱ्या बाजूनं, उभ्यानंच वाकून, दोन सडांची धार तुंब्यात काढू लागली. धारेचा आवाज आधी पातळ, मग फेस भरला तसा जाड. ती गायीशी काहीतरी गुणगुणत होती. माझी आजी ‘हो हो, माझे आई’ म्हणायची, तीच चाल.

थोड्या वेळानं तिनं थांबून माझ्याकडे पाहिलं आणि गायीकडे बोट दाखवलं. मी तीस वर्षांत कासेला हात लावला नव्हता. वाकले, सड धरला, आधी काहीच आलं नाही, गायीनं पाय हलवला. मग अंगठा आत दुमडायचा हे हाताला आपोआप आठवलं. धार आली. ती बाई मोठ्यानं हसली आणि तिनं शेजारणीला हाक मारली. तिची भाषा मला कळत नव्हती, पण काय म्हणाली ते कळलं. हिला येतंय.

ते दूध मी प्यायले. त्याला धुराची चव होती, कारण तुंबा आतून जळत्या रानऑलिव्हच्या काटकीनं घासून साफ करतात. माणदेशात दुधाचं मडकं शेकायचे, त्या चवीच्या जवळची, पण अधिक कडसर.

रात्री शेकोटीपाशी मी वाटाड्याला ते विचारलं जे विचारायचं मी दोन दिवस टाळत होते. 2022 पासून टांझानिया सरकारनं गोरोंगोरोतल्या मासाईंना सुमारे सहाशे किलोमीटर दूर, हांडेनी जिल्ह्यातल्या म्सोमेरा इथे वसवायला सुरुवात केली. सरकार सांगतं की 1959 मध्ये इथे आठ हजार माणसं होती, आता ती लाखाच्या घरात आहेत, गुरं वाढली, जमिनीवर ताण आहे, आणि जाणारे स्वखुशीनं जाताहेत. घर, जमीन, पैसे मिळतात हेही खरं. मासाई सांगतात की इथल्या शाळा-दवाखान्यांचा निधी आटवला, शेतीला बंदी, विवरात गुरं न्यायला बंदी, मग स्वखुशी कशाला म्हणायचं? ऑगस्ट 2024 मध्ये हजारो मासाई, पुरुष आणि बायका, सेरेंगेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर येऊन बसले होते. त्या वर्षअखेरीस राष्ट्राध्यक्षांनी त्यांच्या प्रतिनिधींना भेटून जमीन आणि स्थलांतर या प्रश्नांसाठी दोन आयोग नेमत असल्याचं सांगितलं.

वाटाड्या हे सगळं शांतपणे बोलला. त्याचा चुलतभाऊ म्सोमेराला गेला आहे. घर पक्कं आहे, विजेची सोय आहे. “पण तिथे तो गुरं कुठे नेणार, कोणत्या महिन्यात कुठे, हे त्याला माहीत नाही,” तो म्हणाला. “इथे आम्हाला कोणी शिकवत नाही. गायच नेते.”

कॉलेजात सांगलीला माझ्या खोलीत एक मुलगी होती, चांदोलीच्या जंगलातून उठवलेल्या एका गावची. तिचं नवं गाव सपाटीवर, डांबरी रस्त्याला लागून होतं. ती म्हणायची, आमच्या म्हाताऱ्यांना इथला वारा कळत नाही. आज त्या जंगलाचा व्याघ्र प्रकल्प झाला आहे आणि तिथे वाघ नांदावा असं मलाही मनापासून वाटतं. तेव्हा मी तिचं बोलणं ऐकून घेतलं होतं, एवढंच. जंगल वाचवायचं तर कोणालातरी उठावं लागतं, हे मी त्या वयात गृहीत धरलं होतं आणि पुढेही तपासलं नाही. गोरोंगोरोत मी तीन दिवस अशा जमिनीवर चालले जिथे माणसं उठली नव्हती आणि रानरेडाही तीस पावलांवर होता. गर्दी वाढली आहे, गवतावर ताण आहे, हेही मी डोळ्यांनी पाहिलं. एका उतारावर गवत खरवडल्यासारखं झालं होतं. पण ज्यांनी विण्याच्या दिवसांत सगळ्यात चांगलं कुरण विल्डबीस्टला सोडलं, त्यांना इथून काढून हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. याच प्रदेशातल्या लाएतोलीत, ओल्या राखेत उमटलेली 36.6 लाख वर्षांपूर्वीची पावलं 1978 मध्ये सापडली. पुरातत्त्वज्ञ मेरी लीकी यांच्या पथकाला मिळालेली, दोन पायांवर चालणाऱ्या आपल्या पूर्वजांची ती सुमारे 27 मीटरची वाट. ओल्डुपाईच्या संग्रहालयात तिचा ठसा पाहताना मला ती फार जुनी गोष्ट वाटली होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही नेट्रॉन सरोवराच्या बाजूला उतरू लागलो. समोर ओल् दोइन्यो लेंगाई, देवाचा डोंगर, उभा सुळका. जगात फक्त इथेच सोड्याच्या जातीचा काळा, पातळ लाव्हा निघतो, जो हवेत पांढरा पडतो. मासाईंचा एन्काई तिथे राहतो. वाट राखेची होती, पिठासारखी मऊ. सकाळची वेळ, अजून कोणी गेलेलं नव्हतं असं मला वाटत होतं, पण वाकून पाहिलं तर वाट भरलेली होती. गायींचे खूर, त्यांवर वासरांचे छोटे, झेब्र्याचा एक गोल, एका कोल्ह्याची ओळ, आणि मोटरसायकलच्या टायरची नक्षी. टायरची नक्षी म्हणजे माणसाचं पाऊल. मासाई जुन्या टायरच्या चपला घालतात. आमचे आजोबाही टायरची पायताणं घालायचे, आटपाडीच्या बाजारात मिळायची ती. मी माझा महागडा बूट त्या ठशाशेजारी ठेवला आणि उचलला.

दुपारी एका मोठ्या बाभळीखाली तीन म्हातारे बसले होते. शेजारी गुरं. वाटाड्या त्यांच्यातल्या थोरल्यासमोर वाकला, त्यानं त्याच्या डोक्याला हात लावला. चहा झाला. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहून काहीतरी विचारलं.

“विचारताहेत, तुमच्याकडे गुरं किती?”

मी सांगितलं, एकही नाही. मग ते तेवढ्यावर सोडवेना, म्हणून सांगितलं की आजोबांकडे होती. पाऊस पडेना, कडबा परवडेना, एकेक करून विकली. शेवटचा बैल आजोबांनी खरसुंडीच्या यात्रेत विकला आणि घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत. वाटाड्यानं हे सगळं त्यांच्या भाषेत सांगितलं. तिघंही ऐकत होते. दुष्काळ, विकणं, न जेवणं, यातलं काही त्यांना पुन्हा विचारावं लागलं नाही.

बराच वेळ कोणी बोललं नाही. एका गायीनं शेपटी झटकली. मग म्हाताऱ्यानं आणखी एक प्रश्न विचारला.

“विचारताहेत, तो बैल कोणत्या रंगाचा होता?”

गेल्या तीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, कोसा. मग कोसा म्हणजे काय ते सांगू लागले: अंग पांढरं, पण मानेवर आणि वशिंडावर धुराची झाक, जशी चुलीवरची भिंत असते. डोळ्याभोवती काजळ घातल्यासारखं. शिंगं मागे जाऊन वर उचललेली. मी हातांनी शिंगं काढून दाखवली.

म्हाताऱ्यानं डोळे मिटून ऐकलं आणि एक शब्द उच्चारला. शेजारच्यानं मान हलवली आणि तोच शब्द पुन्हा म्हटला.

“त्या रंगाला आमच्याकडे असं म्हणतात,” वाटाड्या म्हणाला.

मी तो शब्द म्हणून पाहिला. म्हाताऱ्यानं नकारार्थी मान हलवली आणि सावकाश, तोडून तोडून, पुन्हा सांगितला. मी पुन्हा म्हटला. तिसऱ्यांदा त्यानं काठी उचलली आणि कळपाच्या पलीकडच्या टोकाला, एकट्या उभ्या असलेल्या एका बैलाकडे दाखवली.